तिसरी फेरी

बुधवार, ता. १७

चिरंजीव भिंगरीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना नाही, म्हणून ती डॉक्टरांकडे जायला तयार नाही. गॅलरीतल्या नळाची गळती मी थांबवली. चार वर्षांत बाबांचं पत्र नाही आणि आज अचानक कुठून, असं तुला वाटेल. तू आईशी फोनवर बोलत असतेस तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी करतो, हे तिनं तुला सांगितलंच असेल. खरं आहे ते.

तर बातमी अशी की मला दंड झाला. हसू नकोस. एकोणचाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, या शहरातले निम्मे लोक माझ्या शेजारी बसून गाडी शिकले, आणि माझ्या नावावर एक साधी पावती कधी फाटली नव्हती. आता घरपोच नोटीस आली, फोटोसकट. बाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात मी फक्त बससाठी राखलेल्या रस्त्यात घुसलो. फोटोत आपली शिकवणीची गाडी, टपावर शाळेची पाटी, आणि मागच्या काचेवर मीच हौसेनं रंगवून घेतलेलं वाक्य: 'नियमाने चालवायला शिका.' रक्कम एवढी की सहा विद्यार्थ्यांची फी त्या एका वळणात गेली. आईनं नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाली, "अहो, गाडीचा फोटो मात्र छान आलाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या चौकाचं काय करून ठेवलंय! पूर्वी पाचही रस्ते एकमेकांच्या अंगावर यायचे, पण निदान सरळ तरी यायचे. आता चार रस्ते एकदिशा, दोन ठिकाणी उजवीकडे जायचं तर आधी डावीकडे वळायचं, बसला वेगळी वाट, सायकलला वेगळी. मी क्लचची तार आणायला निघालो होतो. दुकान समोर दिसत होतं, दुकानदारानं हातसुद्धा केला, आणि त्याच्या दारात पोहोचायला अख्ख्या बाजाराला वळसा!

मी हरकत नोंदवली. पाटी वेळेवर दिसत नाही, चालकाचा दोष नाही, असं ठणकावून लिहून दिलं. पुरावा हवा म्हणून आईला घेऊन गेलो. तिनं टेपचं एक टोक पाटीच्या खांबाला धरलं, मी दुसरं टोक घेऊन मागे मागे गेलो. माझेच दोन जुने विद्यार्थी गाडी हळू करून "सर, मदत हवी का?" विचारून गेले.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सुनावणी होती. लहानशी खोली, भिंतीला टेकवलेल्या फायली, आणि टेबलामागे तुझ्याच वयाच्या एक अधिकारी बाई.

"काका, पाटी दिसत नाही म्हणता?"

"दिसत नाही. मी मोजमाप आणलंय."

तिनं माझ्या कागदाकडे बघितलंही नाही. कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "ही तुमची गाडी, दहा वाजून चार मिनिटं. बरोबर वळलात. ही दहा वाजून अकरा. परत बरोबर, अगदी वेळेवर इंडिकेटर देऊन. आणि ही दहा वाजून एकोणीस, जिचा दंड झालाय. दोनदा दिसलेली पाटी तिसऱ्यांदा कुठे गेली हो?"

मी मोजमापाचा कागद घडी करून खिशात घातला.

"आणि एवढ्या फेऱ्या कशासाठी मारत होतात?"

भिंगरे, वर लिहिलेलं खोडत नाही, पण ते खोटं आहे. क्लचची तार मला नको होती. आदल्या दिवशी आई गॅलरीत फोनवर म्हणाली, "बाजारचा चौक तू आखलास? आपला?" त्या दिवशी मी टीव्ही कमी नाही, बंद केला. तुझी कचेरी इतकी लांब, मला वाटायचं तू तिकडचेच कुठले रस्ते आखत असशील.

पहिली फेरी मी खोट काढायला मारली. तू रस्ते आखायचं शिकायला निघालीस तेव्हा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर मीच हसलो होतो ना, "जिला गाडी चालवता येत नाही ती आता रस्ते आखणार!" ते बोलणं खरं ठरावं म्हणून गेलो होतो. खोट सापडली नाही. दुसऱ्या फेरीत लक्षात आलं की हॉर्न वाजत नाहीयेत. एवढा लांबलचक मालट्रक मागेपुढे न करता एका झोकात वळून गेला. मी गाडीत एकटाच होतो, तरी "वा!" म्हणालो.

तिसऱ्या फेरीत मला तो ओटा दिसला. बरोबर मधोमध, पायी जाणाऱ्यांना अर्ध्या रस्त्यात थांबता यावं म्हणून केलेला, कमरेइतक्या कठड्याचा. त्यावर एक मुलगी उभी होती, अठरा-एकोणीसची, पाठीला बॅग. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या आणि ती निवांत केस बांधत होती.

ती जागा मी ओळखली. तूही ती नकाशावर उगीच धरली नसशील. अकरा वर्षांपूर्वी तू तिथेच गाडीचं दार उघडून उतरलीस. मी माझ्या बाजूचा, शिकवणाऱ्यासाठी असतो तो ब्रेक दाबत होतो, प्रत्येक वळणाला, प्रत्येक सायकलला, आणि वर ओरडत होतो. त्या चौकात मी परत दाबला, गाडी बंद पडली, मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी काच खाली असताना म्हणालो, "तुला रस्त्यातलं काही कळत नाही, जन्मात गाडी चालवणार नाहीस तू." तू उतरलीस. चारी बाजूंनी गाड्या, आणि तुला पाय ठेवायला जागा नव्हती. मी आत बसून बघत राहिलो. खाली उतरून तुझा हातसुद्धा धरला नाही.

आता तिथे ओटा आहे. त्याच्याकडे बघत मी पुढे गेलो आणि पाटीवरचा बाण चुकलो.

हे सगळं त्या बाईंना कसं सांगणार? मी एवढंच म्हणालो, "हा चौक माझ्या मुलीनं आखलाय. तो बघत होतो."

तिनं नकाशा काढला, खालची सही बघितली, माझ्या अर्जावरचं आडनाव बघितलं आणि हसली. "मग तर काका, दंड पूर्णच भरायला हवा तुम्ही."

भरला. ताठ मानेनं भरला, आणि बाहेर रांगेतल्या तिघांना चौक कुणी आखला ते सांगून आलो. आई म्हणते पाचांना. आता नवी तुकडी आली की पहिल्या तासाला तो फोटो दाखवतो आणि विचारतो, "याचं काय चुकलं?" पोरं म्हणतात, "सर, त्यानं पाटी बघितली नाही." मग मी त्यांना तुझ्याबद्दल सांगतो. बराच वेळ सांगतो. गाडीची शिकवणी राहून जाते.

तू तिकडे दुसऱ्या शिक्षकाकडे शिकलीस आणि पहिल्या परीक्षेत पास झालीस, हे आत्याकडून कळलं तेव्हा मी दोन दिवस जेवताना बोललो नव्हतो. आज सांगतो, बरं झालं. परक्यांच्या मुलांना शिकवताना माझा पाय कधी थरथरला नाही. तुझ्या वेळी पाय माझं ऐकतच नव्हता. त्या दिवशी मी अकरा वेळा ब्रेक दाबला. मी मोजले होते, तुझ्या चुका म्हणून. अकराही वेळा तू बरोबर होतीस. मी घाबरलो होतो, पोरी, आणि ते कबूल करण्यापेक्षा तुला मूर्ख ठरवणं मला सोपं गेलं.

ती जुनी निळी गाडी, जिच्यात तुला शिकवलं, ती शिकवणीतून काढली. काल मिस्त्रीला बोलावून माझ्या बाजूचा ब्रेक उपटून घेतला. तो म्हणाला, "सर, वय झालं का?" मी म्हटलं, "हो, जरा उशिराच झालं."

सुट्टी काढून ये. त्या चौकातून मला एकदा घेऊन जा. तू चालव, मी शब्द काढणार नाही.

शेजारच्या सीटवर, दोन्ही पाय मागे घेऊन बसलेला,
तुझा बाबा