धुण्याआधीच्या जर्सी

ता. ११, मंगळवार

धाकट्या,

नऊ दिवस झाले, धुलाईखोलीकडे फिरकला नाहीस. अध्यक्ष तुला मॅनेजरचा डायरेक्टर करून वरच्या मजल्यावर बसवणार, हे मला दारावरच्या शिपायाकडून कळावं? सख्खी बहीण खाली तुझ्याच फुटबॉल संघाचे मोजे पिळतेय.

असो, आशीर्वाद. मी बरी आहे. मोठं मशीन परत गळतंय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, कुरकुर न करता वाच.

लोक म्हणतात, हा मैदानातला माणूस, खुर्चीत सडेल. लोकांचं काय जातंय बोलायला? मी शिपायाला विचारून घेतलं. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता सोडायचा, हे डायरेक्टरनं ठरवायचं. दुसऱ्यांनी बघून सांगायचं आणि तू निवाडा करायचा. वर्षभर तू दुसरं काय करतोयस?

सामना संपला की जर्सी धुण्याआधी बघायला यायचास. कोण मातीत पडला, कोण अंग राखून खेळला. एकेक हातात घ्यायचास. आता दारातूनच विचारतोस, "ताई, आज कोण लोळलं?" मी सांगते. तुला चिखल दिसत नाही, हे मला केव्हाच कळलंय. पलीकडचा गोल तरी कुठला दिसणार? तू बोलला नाहीस, मीही झाकून ठेवलं.

आता माझं ऐक. शेवटून तिसऱ्या सामन्याला मला घाई होती. तू यायच्या आत सगळ्या जर्सी मशीनमध्ये टाकल्या. तू विचारलंस तेव्हा "बघायच्या राहिल्या" म्हणायला जीभ रेटेना. नऊ नंबरची कोरडी होती, असं ठोकून दिलं. तो कधी मान वर करून बोलायचा नाही, म्हणून त्याचंच नाव तोंडात आलं. तू त्याला संघाबाहेर बसवलंस. तो क्लब सोडून गेला.

जाताना खाली आला होता. म्हणाला, "मावशी, त्या दिवशी पडलो तेव्हा बाही फाटली होती. तुम्ही शिवलीत. आभार मानायचे राहिले."

धुतल्यावर ती बाही मीच शिवली होती रे, तरी तुला खरं सांगितलं नाही.

खुर्ची तुला शोभेल. तू ऐकून घेतोस, आरडाओरडा करत नाहीस. पण एकाच्याच तोंडावर विसंबलास तर बुडशील, दुसऱ्यालाही बुडवशील. आधी अध्यक्षांना डोळ्यांचं सांग. नऊ नंबरचं मी सांगते, तुझ्याशेजारी उभी राहून.

शुक्रवारी मशीन बंद व्हायच्या आत खाली ये आणि माझ्याबरोबर अध्यक्षांकडे येतोस का नाही ते सांग. नाही आलास तर शनिवारी मी एकटी वर जाईन.

दारात थांबू नकोस, आत ये.

तुझ्याशी खोटं बोललेली,
ताई