मुदत संपलेला रोल

४ तारीख, सोमवार

आले एकदाची मुलाच्या घरी. खाली त्याचं फोटोचं दुकान, वर दोन खोल्या, आणि जिना असा की चढताना सगळे पूर्वज आठवावेत. उजेड मात्र झकास आहे. सूनबाईने ही वही दिली. म्हणाली, आई, रोज काहीतरी लिहीत जा. तेवढा वेळ तोंड बंद राहील असं काही म्हणाली नाही, पण मला कळतं. माझी शाळा चौथीतच सुटली, तरी हिला पुरून उरेन एवढं येतं. नात टिकली आल्यापासून पदराला चिकटून आहे. दात पडलेत, जीभ मात्र माझ्यावर गेलीय.

७ तारीख, गुरुवार

दुकानाच्या माळ्यावर जुन्या मालकाचं एक खोकं सापडलं. आत पुठ्ठ्यात गुंडाळलेले प्लॅस्टिकचे कॅमेरे, एकदा वापरून टाकून द्यायचे असतात तसले. त्यांची मुदत संपली तेव्हा आमचे चिरंजीव शाळेत होते. म्हटलं, फेक. तर म्हणे, हल्ली लोक असलेच रोल मागतात, फोटो धुरकट येतात, डाग पडतात, त्यातच गंमत. म्हटलं, नासलेलं दूध कोणी घेत नाही, नासलेले फोटो मात्र हवेत! सूनबाई पोट धरून हसली. टिकलीने आम्हा तिघांचे फोटो काढले. दर फोटोनंतर मागचं दातेरी चाक अंगठ्याने फिरवावं लागतं. ते इतकं कडक, की टिकली प्रत्येक वेळी बापाकडे पळते.

९ तारीख, शनिवार

पोराने मागच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुतला. फोटोत मी खुर्चीत बसलेय, चेहरा नेहमीसारखाच भांडखोर, पण उजव्या हातावर राखेसारखा डाग. पोराच्या तोंडावर डाग. सूनबाईच्या छातीवर. टिकली म्हणाली, आजी, तुझा हात उंदराने खाल्ला.

१० तारीख, रविवार

सकाळी तापलेलं पातेलं उजव्या हाताने उचललं. चिमटा घेतलाच नव्हता. सूनबाई ओरडली तेव्हा खाली बघितलं. कातडी सोलली होती. मला काहीच कळलं नव्हतं. दुखलंच नाही. अजून दुखत नाही. पेन बोटांत आहे की गळून पडलं, ते बघून बघून लिहावं लागतंय.

१३ तारीख, बुधवार

पोराच्या चहात चुकून मीठ पडलं. तो सगळा चहा प्यायला. चांगला झालाय म्हणाला. मी त्याला हाताचं सांगितलं, तोंडाचं सांगितलं, फोटो समोर धरले. म्हणाला, आई, वयाने होतं असं. म्हटलं, माझं वयाने, तुझं कशाने?

दुपारी सूनबाईच्या माहेरून फोन आला. तिचे वडील गेले. ती बरं म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. एकेक चिमटा नीट लावत होती. मी जवळ जाऊन विचारलं, रडू येत नाही का गं? म्हणाली, शोधतेय आई, सापडत नाही.

टिकलीचा फोटो नाही त्या रोलमध्ये. काढणारी तीच होती. देवाची कृपा म्हणायची ती एवढीच.

१५ तारीख, शुक्रवार

पोराने टिकलीला दुसरा कॅमेरा दिला. माझ्या नकळत. मांजर, जिना, शेजारीण, काय काय काढलंय तिने. स्वतःचा नको काढू म्हणून दहादा बजावलं. पोराला म्हटलं, हा रोल धुऊ नकोस. बरं म्हणाला. हल्ली दोघं कशालाही बरंच म्हणतात.

१६ तारीख, शनिवार

पोरगा बाहेर गेला होता. खिडकीपाशी खट्ट वाजलं. बघते तर टिकली कॅमेरा स्वतःकडे वळवून उभी. हसत होती. मग चाक फिरवायला बाबा कुठे, असं विचारत माझ्याकडे आली.

हिसकावून घेतला. बत्त्याने फोडला. आतल्या फ्लॅशच्या विजेचा झटका बसला असावा, कारण हात आपोआप उडाला. मला नाही कळलं. रोल भर उन्हात ओढून काढला. उजेड लागला की फोटो मरतो, हे मलाही ठाऊक आहे. टिकली भोकाड पसरून रडली. दुष्ट आजी म्हणाली. बरं वाटलं ते रडणं ऐकून.

पोरगा आल्यावर रोल त्याच्यापुढे आपटला. म्हटलं, घे, धू आता!

१७ तारीख, रविवार

त्याने धुतला.

म्हणाला, आई, या कॅमेऱ्यात उलटं असतं. चाक फिरवलं की काढलेला फोटो रोलच्या बंद डबीत जातो. ऊन लागलं ते न काढलेल्या भागाला. मांजर आलंय, जिना आलाय, शेजारीण आलीय.

टिकलीचा? विचारलं.

त्यानंतर चाक फिरवलंच नव्हतं. तिचा फोटो डबीबाहेरच होता. उन्हात.

दाखवला. कागद पांढरा फटक. नुसता पांढरा.

१८ तारीख

टिकली खिडकीपाशी बसलीय. कालपासून. डोळ्यावर माशी बसली — पापणी हलली नाही. हाक मारली. चिमटा काढला. शिव्या दिल्या. माझ्याच जिभेची पोर, एक शब्द नाही.

सूनबाई म्हणाली, आता त्रास देत नाही. बरं झालं.

माझ्या छातीत मात्र दुखतं. या घरात एवढी एकच जागा उरलीय दुखणारी. मी केलं. मी —

१९

पोराला म्हटलं, माझा फोटो काढ. छातीवर डाग पडू दे. म्हणाला, डाग कुठे पडेल ते आपल्या हातात नसतं. म्हटलं, काढ. बरं म्हणाला.

२० की

फोटो आला. डाग छातीवर नाही. डोळ्यांवर —

सकाळपासून दिसायचं कमी होत गेलं. आता काहीच — ओळीवर ओळ जात असेल. जाऊ दे.

छातीत तसंच दुखतंय.

टिकली समोर आहे का? टिकले, बाळा, आजीच्या हातात पेन आहे का बघ गं — मला कळत नाही — मी लिहितेय ना — टिकले, मी लि