वरचं सप्तक

प्रिय ठिणगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी आईला विचारशील, की बाबाला फोन करायला काय झालं होतं? फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तिसऱ्या वाक्याला तू फणकारतेस, चौथ्याला मी, आणि पाचवं वाक्य बिचाऱ्या आईला बोलावं लागतं. कागदावर निदान मला मध्येच कुणी तोडणार नाही. तर डोक्यात राख घालून निघालेला तुझा बाप सुखरूप पोचला आहे. खोली बरी आहे, उशी दगडासारखी आहे, आणि आईने बांधून दिलेल्या गोळ्या तो वेळेवर घेतो आहे.

त्या दिवसाचं आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचं हातून लिहून होणार नाही. संगीतशाळेच्या सभागृहातला पियानो मी लावला, आणि दुसऱ्या दिवशी मला न सांगता जाऊन तू त्याच्या अगदी वरच्या दहा-बारा पट्ट्यांचे सूर उतरवलेस. मला ते तिथल्या रखवालदाराकडून कळलं, आणि मग त्याच्यासमोरच मी तुला नाही नाही ते बोललो. पस्तीस वर्षं सूर लावतोय, कालच्या पोरीने मला शिकवू नये, असलं काहीतरी. तू सूर लावायची किल्ली पियानोवर ठेवलीस आणि निघून गेलीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी आईने सांगितलं, की दुसऱ्या शहरातल्या पियानोच्या कारखान्याने तुला बोलावलं आहे आणि एक तारखेच्या आत तुला उत्तर द्यायचं आहे. जायचं तर जाऊ दे तिला, असं मी ऐटीत म्हणालो, आणि बॅग भरून स्वतःच निघालो.

काल इथलं वाद्यांचं संग्रहालय पाहिलं. पूर्वीचं पोस्ट ऑफिस आहे, तीन मजली. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे बघून न विचारताच ज्येष्ठांचं तिकीट फाडलं, त्यामुळे सुरुवातीलाच माझं तोंड वाकडं झालं होतं. पण आत गेलो आणि विरघळलो. जेमतेम दीड वीत लांबीचं व्हायोलिन बघितलं, एका लहान मुलीसाठी केलेलं. त्याच्या मानेवर तिच्या अंगठ्याने झिजलेली जागा आहे. पोचे पडलेलं एक पितळी शिंग आहे, आणि एक पोचा त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला आहे. तू असतीस तर काचेला नाक लावून बसली असतीस, आणि मी तुला पुढे ओढलं असतं.

वरच्या मजल्यावर एक जुना पियानो आहे, त्याला मात्र हात लावू देतात. मला राहवेना. डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या वाजवत गेलो. मधे दोन-तीन सूर टणक येत होते, आणि अगदी वरचे तर चक्क उतरलेले. तिथे ॲप्रन घातलेल्या एक बाई काम करत होत्या, दुरुस्तीचा विभाग त्यांच्याकडे आहे. त्यांना मी बजावलं, की इतक्या चांगल्या वाद्याची वरच्या सप्तकात अशी हेळसांड शोभत नाही. त्यांनी शांतपणे सूर मोजायचं यंत्र आणलं. सगळे सूर जागच्या जागी होते. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. मला शेजारच्या दालनात घेऊन गेल्या. तिथे एक गोल बटण आहे. ते फिरवत जायचं, तसा सूर शिट्टीसारखा वर वर चढत जातो, आणि आपल्या कानाला कुठवर ऐकू येतो ते बघायचं. मी फिरवलं. थोडं पुढे गेल्यावर आवाज बंद पडला. मी विजयी मुद्रेने वळून म्हणालो, बघा, हेही बिघडलंय. मागे शाळेतल्या सात-आठ मुली उभ्या होत्या. सगळ्यांनी कानांत बोटं घातली होती, आणि एक ओरडत होती, की आजोबा, बंद करा ना ते!

मी बंद केलं. ठिणगे, तिथल्या बाकावर मी बसलो. एकेक काम आठवत गेलं. दवाखान्याच्या हॉलमधलं, त्या शिक्षिकेच्या घरचं, वाचनालयातलं. दरवेळी तू म्हणायचीस, बाबा, तू हो पुढे, मी झाकण लावून येते. आणि मी खाली रस्त्यावर उभा राहून चडफडायचो, की एक झाकण लावायला या पोरीला वीस मिनिटं कशी लागतात. किती दिवस चाललं होतं हे? दोन वर्षं? तू मला कधी तोंडघशी पडू दिलं नाहीस, आणि मी तुला परक्या माणसासमोर पाडलं. मला फार लाज वाटली, आणि अजून वाटते आहे.

त्या बाईंनी चहा आणून दिला. त्यांचे गुरूही साठीनंतर वरचे सूर असेच चढवून ठेवायला लागले होते म्हणे. मग त्यांनी सूर लावणं सोडलं आणि पियानोच्या आतल्या हातोड्यांचं काम धरलं, ते पुढे पंधरा वर्षं. मला मधले सूर टणक लागले होते ना, ते बाईंना जाणवलेच नव्हते. त्यांनी माझ्या हातात सुई दिली. तारेवर आपटणाऱ्या त्या तीन हातोड्यांवरचा नमदा, म्हणजे लोकरीचा थर, मी सुईने टोचून मऊ केला. अर्धा तास गेला असेल. बाईंनी वाजवून बघितलं आणि पुन्हा पुन्हा तेच तीन सूर वाजवत राहिल्या. लहान मुलासारखा खूश झालो मी.

आज सकाळी रखवालदाराला फोन करून सांगितलं, की माझी मुलगी बरोबर होती आणि मी चुकलो होतो. त्याच्यासमोर बोललो होतो, म्हणून आधी त्याला सांगितलं. आता तुला सांगतो. मी चुकलो. हे एवढंच लिहायचं होतं, व्हायोलिन आणि शिंग वगैरे सगळं धीर गोळा करण्यासाठी. कारखान्यात जावंसं वाटत असेल तर खुशाल जा, पण माझ्यावर रागावून जाऊ नकोस. राहिलीस, तर यापुढे सूर तू लावायचे आणि हातोड्या माझ्याकडे. शनिवारी चारच्या गाडीने येतो आहे. तुझं काहीही ठरलेलं असो, स्टेशनवर ये. फलाटावर गोंगाट असतो आणि तुझा आवाज बारीक आहे, मला आता नीट ऐकू येत नाही. जे ठरवलं असशील ते जरा जवळ येऊन सांग.

तुझाच,
बाबा