ओवाळणीत दिलेलं पोर

अकोला, मे महिना

प्रिय रागिणी,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर तू दोन शब्द बोललीस की मला रडू येतं, आणि मोबाईल तर थोरल्या अनुपच्या हातातून सुटत नाही. आत्ता दुपार आहे. तुझी आई कूलरपुढे आडवी झालीय, दोन्ही पोट्टे कसेबसे झोपलेत आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेय. वहिनी झालीस तरी सीमाच म्हणीन, असं तू लग्नात ठणकावलं होतंस. म्हणून आज नणंदेला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणीला लिहितेय.

भाऊबीजेचा दिवस तू विसरली नसशील. पाटावर किशोर, तुझ्या हातात ओवाळणीचं ताट, आणि आत शिवमनं पुरणाच्या कणकेत तेलाची अख्खी बरणी पालथी घातलेली. मी त्याचं बखोट धरून बाहेर आणलं आणि तुझ्या मांडीवर आदळलं. म्हटलं, ओवाळणीत यंदा हाच घे, ने अमरावतीला. सगळे हसले. तू नाही हसलीस. त्याच्या तेलकट डोक्यावरून हात फिरवत राहिलीस. मी ते पाहिलं, तरी गंमत केली गं, असं म्हटलं नाही. बाप्पा, इतकी वैतागले होते की त्या घटकेला त्याला कुणीतरी न्यावं असंच वाटत होतं.

तेव्हापासून बातम्या किशोर आणतो. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या मिलमधली शिफ्ट संपली की तो तुझ्याकडेच जेवतो, झोपतो. शनिवारी इथं येतो. म्हणतो, रागिणीनं खोलीला पिवळा रंग दिला. रागिणीनं छोटा पलंग घेतला. तिकडच्या शाळेत शिवमचं नाव घातलं, येत्या रविवारी ती त्याला न्यायला येणार. एवढं सांगून तो जेवायला बसतो. तुझ्या आईचं तर ठरलेलं आहे, "भाऊबीजेले देल्लं ते देल्लं. आता काहून जीव खालीवर करून राहिली?" तिला तुझं रिकामं घर दिसतं गं. मलाही दिसतं. तुझ्या दवाखान्यांच्या चकरांत मी सोबत होते, त्यानंतरचं तुझं रडणंही ठाऊक आहे.

आणि थकले तर मी आहेच. खोटं कशाला बोलू? परवा पहाटे उठून गच्चीवर कुरडया घातल्या, तर दोघं त्यांवरून धावत गेले. अर्ध्या कुरडया चुरल्या, उरलेल्या तळव्यांना चिकटून घरभर. अनुपचा पाढा, शिवमची चड्डी, तुझ्या आईचे गुडघे, आणि नळ कधी येईल त्याचा नेम नाही. आरशात पाहिलं की वाटतं, ही कोण बाई? एक पोर कमी झालं तर मला पाठ टेकता येईल, हे हिशेबानं अगदी बरोबर आहे.

म्हणून त्याचे कपडे बॅगेत भरायला घेतले. भरता भरता तुला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. तो घाबरला की पोट दुखतं म्हणतो, तेव्हा ओवा द्यायचा नाही, नुसतं जवळ बसायचं. संडासला बसला की दाराबाहेर कुणीतरी बोलत राहावं लागतं, नाहीतर तसाच उठून येतो. हे मला कुणी शिकवलं नाही, रागिणी. त्याची घाण काढता काढता आलं.

त्याच दिवशी त्याला ऊन लागलं. ऑटोनं दवाखान्यात नेताना त्याला उलटी आली आणि मी सरळ दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. विचार केला नाही, किळस आली नाही. तो डोळे मोठे करून म्हणाला, "आई, तुह्या हातावर सांडलं ना वं?" मला हसू आलं आणि रडूही. ऑटोवाल्यानं पाण्याची बाटली दिली, मी हात धुतले. इतकी थकून मेले होते, तरी त्या क्षणी हात जोडून देवाचे आभार मानावेसे वाटले, की हे पोर ओकतं ते माझ्या हातावर ओकतं. असं सुख कुणाला सांगायची लाज वाटते, पण तुला सांगते.

तेव्हा रविवारी त्याला न्यायला येऊ नकोस. शिवम येणार नाही. बॅग मी पुन्हा रिकामी केली. दिलेली ओवाळणी परत मागणारी भावजय कुणी पाहिली नसेल, पण मी मागतेय, पदर पसरून मागतेय. तुझी आई बोलेल, बोलू दे. तू मला शिव्या घाल, वर्षभर बोलू नकोस, मी ऐकून घेईन. तुझ्या त्या पिवळ्या खोलीचा विचार आला की मी हातातला घास परत ताटात ठेवते. किशोरला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या तोंडून तुला कळू नये म्हणून आधी तुलाच लिहिलं. मी फार थकलेय गं, आणि मला असंच थकू दे.

तुझीच,
सीमा