पाळण्याची भोके

मी, विज्ञान महाविद्यालयाच्या संग्रहालयात एकतीस वर्षे प्राण्यांचे सांगाडे साफ करून निवृत्त झालेली, वय सदुसष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलीला.

२. चिमटे, भिंगे आणि हाडांवरचे मांस खाऊन साफ करणाऱ्या माझ्या भुंगेऱ्यांचा पत्र्याचा डबा संग्रहालयात माझ्या जागी आलेल्या बाईंना. झाकण दोनदा तपासावे. दोनदा म्हणजे दोनदा!

३. मुलीच्या बाळंतपणाआधी माझ्या थोरल्या भावाने, दादाने, घडवलेला पाळणा नातवाला. त्याच्या दांड्यांना भोके आहेत. अकरा वर्षांपूर्वी ती पाहून दादा पांढराफटक पडला. "तुझे डब्यातले किडे नाहीत ना गं?"

"छे! ते लाकूड खात नाहीत. तुझ्या लाकडातच कीड असणार."

दादाने वाळवायला ठेवलेल्या सगळ्या फळ्या जाळल्या. "लोकांच्या घरात कीड कशी पाठवू?" म्हणाला आणि कारखान्याला कुलूप घातले.

४. आता खरे. लाकूडखाऊ भुंगेरा लाकडातच वाढतो, लाकूडच खातो, भोकाखाली पिठासारखा भुसा पाडत राहतो. माझा भुंगेरा अंधारात, उबेत, सुक्या मांसावर जगतो. पण कोषात जायची वेळ आली की त्याची अळी आडोशासाठी मिळेल त्यात बीळ करते, लाकडातसुद्धा. हे मला तेव्हाही ठाऊक होते. संग्रहालयाला रंग चालला होता, म्हणून डबा घरी आणून मी रिकाम्या पाळण्यात ठेवला होता आणि झाकण नीट बसवले नव्हते. पाळण्याखाली नंतर कधीच भुसा पडला नाही. दादा, तुझे लाकूड चांगले होते रे. मी भ्याले आणि गप्प बसले.

५. दादाच्या नावे काही नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले, आणि मला तो साक्षीदारच हवा आहे. वाचल्याशिवाय तो कशावरही सही करत नाही, आणि तोंडावर सांगायची माझी छाती होत नाही. तो वाचेल तेव्हा मी स्वयंपाकघरात असेन. न बोलता उठून गेला, तर त्याला कोणी अडवू नये.

ठिकाण: घरची पुढची खोली. दिनांक: ९ मार्च.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार २: थोरला भाऊ, सुतार (सही)

खाली, जाड पेन्सिलीने: अकरा वर्षं, वेडे! पाळणा नेतोय. भोकं बुजवून आणतो.