ड्रेसिंगच्या खोलीतला तंबोरा

२ फेब्रुवारी

आलो बुवा एकदाचा उज्जैनला! फ्रीगंजमधलं भाजलेल्या रुग्णांचं छोटं इस्पितळ आणि मी तिथला नवा भूलतज्ज्ञ. वर राहायला हवेशीर खोली, खाली गरमागरम पोहे-जिलबी. मालक डॉ. श्रीधर पिढीजात इथलेच मराठी. म्हणाले, तुम्ही टेन्शन नका घेऊ, सगळं बढिया होऊन जाईल. हे मराठी रोज ऐकायचं तर आधी माझ्या पुणेरी कानांनाच भूल द्यावी लागेल.

३ फेब्रुवारी

हसून हसून मेलो. इथे जखमा धुताना, पट्ट्या बदलताना इंजेक्शन देत नाहीत, तंबोरा वाजवतात! उषाताई नावाच्या निवृत्त संगीतशिक्षिका रुग्णाच्या डोक्याशी बसून चार तारा छेडत राहतात. गाणं नाही, काही नाही. तारासुद्धा धड जुळलेल्या नाहीत. मग मी काय झांजा वाजवायला आलोय? श्रीधर म्हणाले, इंजेक्शनची झंझट कशाला? तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि केसपेपरवर लिहायचं, रुग्ण शांत, भुलीची गरज नाही. वा रे वा! एवढी वर्षं शिकलो ते यासाठी.

९ फेब्रुवारी

कबूल करतो, कोणी हूं की चूं करत नाही. आज एका बाईंची मांडीची कातडी पट्टीबरोबर निघाली तरी त्या छताकडे बघून मंद हसत होत्या. मॉनिटरवर नाडी मात्र एकशे साठ. यंत्र बिघडलेलं असणार, या गावात दुसरं काय मिळणार? सारखं कोकलत होतं, म्हणून मीच त्याचा आवाज बंद केला. चाळीस केस झाल्या की शोधनिबंध लिहीन. नाव अर्थात माझं. तंबोरेवाल्या बाईंना शेवटी आभारात घालू.

२० फेब्रुवारी

राम घाटावर पूजेचं सामान विकणारे बापू, दिव्याने धोतर पेटून उजवा पाय भाजलेला. आज ड्रेसिंगला यायलाच तयार नाहीत. माझा हात धरून रडले. म्हणाले, डॉक्टरसाहेब, मागच्या वेळेस मी पूर्ण वेळ ओरडत होतो, पण तोंडच उघडेना, आणि तुम्ही समोर उभे राहून लिहीत होते. म्हातारचळ, दुसरं काय! समजूत काढायला म्हटलं, दुखलं तर डाव्या पायाचा अंगठा हलवा, मी लगेच थांबवतो.

तंबोरा सुरू झाला. बापू एकदम शांत, चेहरा हसरा. अंगठा पहिल्या मिनिटापासून हलत होता. शेवटपर्यंत हलत होता. मी थांबवलं नाही. स्नायूंची आपोआप होणारी हालचाल, असं लिहून सही केली.

२१ फेब्रुवारी

ताट तसंच सोडून उठलो. उषाताईंना गाठून खडसावलं. त्या म्हणाल्या, मला एवढंच सांगितलंय की या लोकांचा आवाज बंद करा, बाहेरचे पेशंट घाबरतात. दुखणं थांबवा असं कोणी म्हटलंच नाही.

लाज वाटली. त्यांची नव्हे, माझी.

२३ फेब्रुवारी

श्रीधरना म्हटलं, हे बंद करा. ते हसले. उलट मलाच विचारलं, केसपेपरवर सह्या कोणाच्या आहेत? मी शेपूट घालून वर आलो. नालायक, भेकड माणूस मी. त्याच तंद्रीत कुकर उघडला. वाफ— डावा हात कोपरापर्यंत—

२५ फेब्रुवारी

आज माझं ड्रेसिंग. इंदूरला न्या म्हटलं. मधुरा सिस्टर म्हणाली, घरचं हॉस्पिटल सोडून कुठे जाता सर? भुलीचं इंजेक्शन भरून ठेवलंय, मी स्वतः पाहिलं. तरी वही मांडीवर घेतलीय. उजवा हात मोकळा आहे. तोंड बंद पडलं तर लिहून दाखवीन.

उषाताई आल्या. आधी इंजेक्शन, आधी— ओरडलो, पण तार वाजली आणि—

तोंड नाही. अंग जड. बोटं तेवढी हलतात.

श्रीधर पट्टी ओढताहेत. कातडी—

काही कमी होत नाही. काहीच नाही. उलट जास्त—

मी हसतोय. समोरच्या काचेत दिसतंय. हसतोय—

मधुरा वाच. इकडे बघ. वाच. थांबवा

वाकली. वाचलं तिने. सगळं वाचलं. मान खाली घातली आणि पट्टीचं दुसरं टोक ध