फलाट क्रमांक पाच, कपाटातून

चि. भाच्यास,

मामाचा मूक आशीर्वाद. मूक अशासाठी की आज मौनाचा सहावा दिवस आहे, आणि फोनऐवजी पत्र येण्याचं कारणही तेच. रेकॉर्डिंगच्या आधी आवाजाला थोडा आराम द्या, असं तू कळवलं होतंस. मी थोडक्यात भागवणारा माणूस नाही. माईकसमोर सोडलं तर तोंड उघडायचंच नाही, असं ठरवून टाकलं आणि घरात सगळा कारभार चिठ्ठ्यांवर सुरू केला. (मामी त्या चिठ्ठ्या घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालते. टेबल आता पक्कं उभं आहे.) तू वेळेवर जेवत असशील आणि कानात ती बोंडं घालून झोपत नसशील अशी आशा आहे. आमची प्रकृती उत्तम. मामी तेवढी दोन दिवस गप्प गप्प आहे. मौन माझं असताना तिने का गप्प राहावं, काही कळत नाही.

तुला ठाऊकच आहे, एकतीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करून मी दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. तिथे आता नवी यंत्रणा बसतेय. नवे साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत घरून स्वच्छ, व्यावसायिक दर्जाचं रेकॉर्डिंग करून द्या, तुमचाच आवाज ठेवू. नाहीतर कंप्युटरमधली बाई तयार आहे. त्या बाईबद्दल माझी काही तक्रार नाही. तिला खोकला येत नाही, चहाला उठावं लागत नाही. पण खरं सांगतो. मी घरी बसलो तरी आवाज रोज कामावर जाईल, या आशेवर माझे हे दोन महिने निघाले आहेत.

तर तू पाठवलेला माईक आला आणि तुझ्या सूचना मी अक्षरशः पाळल्या. खोलीत आवाज घुमू नये म्हणून मऊ कपड्यांत उभं राहा म्हणालास. मी थेट मामीच्या कपाटातच शिरलो. तिची लोकरीची शाल मागच्या फळीवर ठोकली (चारच खिळे), रजया दोन्ही बाजूंनी टांगल्या. ‘फ’ म्हणताना माईकवर वारा आदळतो म्हणून मधे पातळ कापडाचा पडदा हवा होता. त्यासाठी मामीची भरतकामाची रिंग घेतली. तिच्यात एक फूल अर्धं भरलेलं होतं, ते उतरवून नीट बाजूला ठेवलं. फ्रीज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून गादीखाली घातलं, आणि सकाळी नऊ ते दुपारी चार स्वयंपाकघरात भांडं वाजता कामा नये अशी चिठ्ठी लावली. फ्रीजमधलं दूध नासलं. कलेसाठी एवढं सोसावंच लागतं. (सोसलं मामीने, हे मान्य.)

पहिले दोन दिवस डांबराच्या गोळ्यांनी खाल्ले. ‘फलाट क्रमांक पाच’ म्हटलं की शिंक ठरलेली. गोळ्या काढल्यावर शिंका थांबल्या आणि एक घोषणा निर्मळ उतरली. मग तुझ्या सांगण्याप्रमाणे कंप्युटरवर ती साफ केली, श्वाससुद्धा एकेक करून काढून टाकले. मामीला ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “गाडी रद्द झाल्यासारखी वाटते.”

मला राग आला, पण चिठ्ठीत राग नीट उतरत नाही. आणि चिडून पुन्हा ऐकलं तर तिचं खरंच होतं. सगळे शब्द जागच्या जागी, आणि माणूस बेपत्ता. असं का व्हावं याचा विचार करत मी बराच वेळ कपाटातच बसून राहिलो. भाच्या, स्थानकावर माझ्या खोलीला एक खिडकी होती. घोषणेआधी मी तिच्यातून एकच प्रवासी निवडायचो. दोन पिशव्या आणि एक पोर सांभाळत भलत्याच फलाटाकडे धावणारी एखादी बाई, नाहीतर तिकीट दातात धरून चष्मा शोधणारे एखादे आजोबा. सगळ्या गावाला ऐकू जायचं ते, पण मी सांगायचो त्या एकालाच. शेवटी ‘घाई करू नका, गाडी थांबेल’ हे वाक्य मी पदरचं घालायचो. कुठल्याही नियमात ते नव्हतं. आता कपाटात माझ्यासमोर होता माझाच जुना कोट. कोटाला कुठे जायचं असणार?

आणि मंगळवारी दुपारी मामीने कमाल केली. मी नेहमीसारखा आत उभा, रेकॉर्डिंग चालू. तेवढ्यात कपाटाचं दार उघडलं. समोर मामी. पायात चपला, हातात बॅग. मागच्या शालीकडे बोट दाखवून म्हणाली, “ती काढून द्या. आणि चार-दहाची गाडी कुठल्या फलाटावर लागते?” भाच्या, काय तो अभिनय! डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं: “चार वाजून दहा मिनिटांनी सुटणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर उभी आहे. घाई करू नका, गाडी थांबेल.” एकतीस वर्षांत इतकं चांगलं मी बोललो नव्हतो. ती जराशी उभी राहिली, मग बॅग घेऊन आतल्या खोलीत गेली. मला प्रवासी हवा होता हे तिने बरोबर ओळखलं. त्यानंतर तिचाच चेहरा डोळ्यांसमोर ठेवून राहिलेल्या बावीस गाड्या एका दमात सोडल्या.

सोबतच्या पेनड्राइव्हवर सगळं आहे. जेवढं साफ करायचं तेवढं कर, श्वास मात्र राहू दे. महिनाअखेरच्या आत परत पाठव.

तुझा,
मामा

ता. क. मामीचा प्रश्न स्थानकाच्या प्रतीतून काढावाच लागेल. पण फेकू नकोस, मला वेगळा करून पाठव. माझा आवाज एकतीस वर्षं गावभर वाजला. तिचा माझ्याजवळ कुठेच साठवलेला नाही, हे मला परवा कपाटात कळलं.

ता. क. २. हे तिला सांगू नकोस. उगाच डोक्यावर बसेल.

ता. क. ३. बाळा, मी मामी. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून वाचलं. अभिनय वगैरे काही नव्हता. बॅग खरीच भरली होती, बहिणीकडे निघाले होते, आणि परत कधी यायचं ते ठरवलं नव्हतं. साहेब ‘गाडी थांबेल’ काढायला सांगतील, तू काढू नकोस. आणि हे मामांना सांगू नकोस. त्यांचं मौन आता पत्रापुरतंच उरलंय; मंगळवारपासून चहा माझ्या हातात देताना चिठ्ठी देत नाहीत, बोलतात.